तांबे आले कोठून?
काळ्या खडकाच्या मुलखातील एका धातूची कहाणी

हंडा, घंगाळ, तांब्या. आपल्या घरांतील ही जुनी भांडी तांब्याची. ‘तांब्या’ हे नावच मुळी धातूवरून पडले. परंतु ज्या मराठवाड्यात आपण राहतो, तेथे तांब्याची एकही खाण नाही. असे का?

उत्तर आपल्या पायाखाली आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या खडकात कोरली, तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनला. खाण होण्यासाठी भूगर्भातील उष्ण पाण्याने धातू विरघळवून खडकाच्या भेगांत साठवावा लागतो. आपल्या काळ्या खडकात खणण्याजोगा असा साठा झाला नाही. महाराष्ट्रातील तांबे पूर्वेच्या अतिप्राचीन खडकांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना हे त्याचे ठिकाण. पलीकडे बालाघाटातील मलाजखंडची मोठी खाण हिंदुस्थान कॉपर कंपनीने 1982 साली सुरू केली.

प्रवराकाठचा पुरावा

तरीही गोदा-प्रवरेच्या खोऱ्यात तीन हजार वर्षांहून जुने तांबे सापडते. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे तांब्याच्या सहा कुऱ्हाडी व एक बांगडी मिळाली. नगर रस्त्यावरील नेवासे येथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांतील दोरासुद्धा टिकून राहिला. लेकराच्या गळ्यात माळ घालून त्याला निरोप देणारे आईबाप तेव्हाही होते!

सर्वांत मोठा ठेवा श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादचा. 1974 साली झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ अशा चार भरीव वस्तू सापडल्या. चौघांचे वजन साठ किलोंहून अधिक. पुढे 1975 ते 1979 या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले व या वस्तू उत्तर हडप्पा काळातील ठरविल्या. त्यांच्या धातूत आर्सेनिक आढळल्याने काही अभ्यासकांनी या काळाबद्दल शंका घेतली. तो वाद मिटलेला नाही.

खाणीपासून गावापर्यंत

या प्राचीन वस्त्यांना तांबे बहुधा राजस्थानातून येत असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तेथील झुंझुनू जिल्ह्यात खेत्रीच्या खाणी आहेत. शेजारच्या सीकर जिल्ह्यातील गणेश्वर येथे तांब्याच्या शेकडो वस्तू मिळाल्या. खेत्रीपासून दायमाबाद सरळ रेषेतही नऊशे किलोमीटरांहून दूर आहे. वाटेवर माळवा लागतो. आणि माळव्याच्या धर्तीची मातीची भांडी दायमाबादेतही सापडली आहेत.

हे तांबे काढत कसे? तांब्याचे खनिज खोलवर पितळी पिवळे असते. वर हवापाण्याने त्याचे हिरवे-निळे डाग पडतात. जुना खाणकामगार त्या हिरव्या डागांचा माग काढी. ठिकठिकाणच्या प्राचीन खाणींत खडकाला जाळ लावून तो तडकवीत आणि दगडी हातोड्यांनी फोडीत. मग लाकडी कोळसा व भाता. तांबे वितळायला 1085 अंश उष्णता लागते. धूर छातीत भरून घेणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. उरले ते धातुमळीचे ढीग.

आपण काय करावे?

तांबे पुन्हा वितळवता येते. म्हणूनच जुने तांबे थोडे उरले. मोडक्या कुऱ्हाडीची बांगडी होई, बांगडीचा गळ होई. आजही नांगराच्या फाळाला लागलेली हिरवट वस्तू भंगारात गेली, तर तिच्याबरोबर आपल्याच पूर्वजांची साक्ष वितळते.

1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची गुप्त ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. सापडवणाऱ्याच्या हक्काची व मोबदल्याची तरतूदही त्यात आहे. तेव्हा शेतात, विहिरीत, घराच्या पायात असे काही निघाले तर घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यावरचा हिरवा थरही पुरावाच आहे. जागा लक्षात ठेवा, शक्य असल्यास फोटो काढा आणि तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. दायमाबादचा रथ कोणा पंडिताला नव्हे, कुदळ हाती असलेल्या माणसाला सापडला. पुढचा ठेवाही कदाचित अशाच हातांना लागेल.