असं का? : डोकं हलू नये म्हणून

पासपोर्टच्या फोटोसाठी कितीही ताठ बसलं तरी मान किंचित हलतेच. मेंदूतल्या गाठीला किरण देताना मात्र काही मिलिमीटरचा फरकही महागात पडतो, कारण शेजारीच दृष्टीची नस असू शकते. म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात काय किंवा लखनौच्या पीजीआयमध्ये काय, आधी मुखवटा बनतो.

जाळीदार प्लास्टिकचा पत्रा साधारण 70 अंशांच्या पाण्यात मऊ पडतो. मग तो चेहऱ्यावर ताणतात. ओल्या फडक्यासारखा तो नाका-गालांवर बसतो, थोड्या मिनिटांत कडक होतो आणि कडा टेबलाला खटक्यांनी अडकवतात. खुणा मुखवट्यावरच करतात. त्यांवर लेझरच्या रेषा जुळवल्या की रोज, बऱ्याचदा सहा आठवडे, डोकं त्याच जागी येतं.

मुखवटा घट्ट असतो, पण जाळीतून श्वास नीट घेता येतो. घुसमटल्यासारखं वाटलं तर बिनधास्त हात वर करावा. तंत्रज्ञ बाहेरून कॅमेऱ्यात पाहत असतात आणि यंत्र लगेच थांबवतात.