गुरांचा कृमी, माणसाचं पित्ताशय

पावसाळ्यात पोलादपूर-महाडच्या भातखाचरांत गुरं, माणसं आणि गोगलगायी एकाच पाण्यात वावरतात. जबड्याखाली पाणी साठलेलं, खंगत चाललेलं जनावर दिसलं, की पशुवैद्याच्या मनात लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा कृमी, येतो. माणसाच्या बाबतीत ही शंका क्वचितच कुणाला येते. मला लिहायचं आहे ते या फरकाविषयी.

आपल्या गुरांत मुख्यतः ‘फॅसिओला जायगँटिका’ आढळतो. (कॉबोल्डने १८५५ साली त्याचं पहिलं वर्णन केलं ते जिराफात सापडलेल्या कृमीवरून!) शेणातली अंडी पाण्यात पडतात, अळी गोगलगाईच्या शरीरात शिरून अनेक पटींनी वाढते आणि बाहेर पडून पाणवनस्पतींवर कवच धरून बसते. ती गवतासोबत गुरांच्या पोटात जाते; माणसाच्या पोटात पाण्यातल्या कच्च्या पाल्यातून किंवा न उकळलेल्या पाण्यातून.

पुढचा प्रवास फसवा असतो. आतड्याची भिंत भेदून अळी यकृतात घुसते आणि काही आठवडे ते पोखरत राहते. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगावर पित्त उठणं. तीन-चार महिन्यांनी ती पित्तनलिकेत मुक्काम करते. मग कळा, कधी कावीळ; सोनोग्राफीत नळी फुगलेली. एवढं पाहिल्यावर खड्याचं निदान होणं स्वाभाविकच. पित्तनलिकेतून खडा काढायला गेलेल्या डॉक्टरांच्या हाती जिवंत कृमी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भारतात अशा नोंदी मोजक्या असल्या, तरी जगभरात किमान २४ लाख लोक बाधित असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

खरी खूण साध्या रक्ततपासणीत असते: इओसिनोफिल पेशी खूप वाढलेल्या. नुसत्या खड्याने त्या वाढत नाहीत. विष्ठेत अंडी दिसली नाहीत म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. कृमी वयात येईपर्यंत अंडी नसतातच. तेव्हा रक्तातली प्रतिपिंडं तपासावी लागतात. याच महाडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून विंचूदंशाची लक्षणं टिपली आणि १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. इथेही उशाशी बसूनच विचारावं लागतं: पाणी कुठलं पिता? कच्चं काय खाल्लंत?

औषध ट्रायक्लाबेंडाझोल, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम. इतर चपट्या कृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल इथे निरुपयोगी ठरतं. जनावरांसाठी ट्रायक्लाबेंडाझोल १९८०च्या दशकापासून आहे. अमेरिकेत माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली २०१९ साली.