नवं मॉडेल येतंय... थांबायचं की घ्यायचं?

लॅपटॉप घ्यायला निघालात की कुणीतरी हमखास सांगतं, 'जरा थांबा, दोन महिन्यांत नवीन येतोय!' मग स्क्रीन किती इंची असेल, कीबोर्ड कसा असेल, जुनं मॉडेल बंद होईल का, यावर घरात चर्चा रंगते आणि खरेदी लांबते. या थांबण्याची किंमत काय असते, ते संगणकांची राजधानी म्हणवणाऱ्या बंगळुरूनं चांगलंच अनुभवलंय.

जून-जुलै महिना. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर पाय ठेवायला जागा नसते. के. आर. मार्केटजवळचा हा संगणकांचा बाजार. चिंचोळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वायरी, चार्जर, कीबोर्ड, जुने-नवे लॅपटॉप यांनी खच्चून भरलेली दुकानं. कॉलेजात प्रवेश घेतलेली मुलं आणि त्यांच्यासोबत आलेले आईवडील या दुकानातून त्या दुकानात फिरत असतात. त्यात सांगली-कोल्हापूरहून, बेळगावहून, पुण्याहून आलेली मराठी कुटुंबंही असतात. आणि त्यांच्यात हा संवाद ठरलेला:

''आई, आत्ता नको ना घेऊ. दिवाळीत याचंच सोळा इंची येणारे म्हणे!''

''अरे, पण कॉलेज तर सोमवारी सुरू होतंय. तोवर काय करशील?''

''मोबाइलवर भागवीन की!''

आईला यातलं फारसं कळत नाही, वडील गप्प असतात, दुकानदार दोघांकडे आळीपाळीनं पाहतो. लॅपटॉप म्हणजे पन्नास-साठ हजारांचा मामला, चुकला तर चार वर्षं निस्तरत बसावं लागणार. तेव्हा थांबलेलं बरं, असं वाटणं स्वाभाविकच आहे. पण या थांबण्याचा इतिहास पाहिला तर?

पाच इंची स्क्रीन आणि एक दिवाळं

1981 साली अमेरिकेत 'ऑस्बोर्न-1' नावाचा संगणक आला. उचलून नेता येणारा, बाजारात चांगला चाललेला हा पहिला संगणक. वजन सुमारे 11 किलो, किंमत 1,795 डॉलर आणि स्क्रीन अवघी 5 इंची! तरीही लोकांनी तो उचलून धरला.

त्याचा निर्माता ॲडम ऑस्बोर्न याचं बालपण गेलं ते आपल्या दक्षिण भारतात, तामिळनाडूत. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे तिरुवन्नामलैच्या परिसरात तो लहानाचा मोठा झाला. 2003 साली त्याचं निधन झालं तेही कोडाइकनालला.

त्याच्या 5 इंची स्क्रीनला लवकरच प्रतिस्पर्धी भेटला. 1982 साली 'केप्रो' कंपनीनं त्याच किमतीत 9 इंची स्क्रीनचा संगणक आणला. मग ऑस्बोर्ननंही मोठ्या, 7 इंची स्क्रीनचं 'एक्झिक्युटिव्ह' हे नवं मॉडेल जाहीर केलं. लोकांनी विचार केला, नवीन येतोच आहे तर जुना कशाला घ्या? दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, माल पडून राहिला. स्पर्धा आणि कारभारातल्या चुका होत्याच, त्यात ही भर पडली. सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. नव्या मॉडेलच्या वार्तेनं जुन्याचा खप बसण्याला व्यापारी जगात तेव्हापासून 'ऑस्बोर्न इफेक्ट' म्हणतात.

म्हणूनच पुढच्या मॉडेलबद्दल बहुतेक कंपन्या शेवटच्या दिवसापर्यंत तोंड मिटून बसतात. आणि कंपनी गप्प असली की अफवांना पीक येतं. स्क्रीनच्या काचा बनवणारे कारखाने वेगळे, बटणं बनवणारे वेगळे. कुठल्या मापाची काच किती कापली जातेय, याची कुणकुण लागली की त्यावरून अंदाज बांधले जातात. अंदाज म्हणजे बातमी नाही, हे मात्र घराघरांत पोचेपर्यंत विसरलं जातं.

बंगळुरूनं पाहिलेली वाट

हे झालं परदेशातलं. आपल्याकडे वाट पाहायला लावली ती 'सिंप्युटर'नं. साधा, स्वस्त आणि अनेक भाषांत चालणारा संगणक, असा त्याच्या नावाचा अर्थ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय, रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि 'एन्कोर' कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून हे स्वप्न पाहिलं. 25 एप्रिल 2001 रोजी त्याचा नमुना जगापुढे आला. हातात मावणारा, कीबोर्डच नसलेला. स्क्रीनवर बोरूसारखी काडी टेकवायची की काम सुरू. किंमत ठेवायची होती नऊ हजारांच्या आसपास. शेतकऱ्याला आपल्या भाषेत, अक्षरओळख नसली तरी ऐकून वापरता यावा, ही कल्पना. परदेशी वर्तमानपत्रांनी त्याची तोंडभरून स्तुती केली.

पण दुकानात तो यायला 2004चा एप्रिल उजाडला! 'पिकोपेटा' आणि 'भारत इलेक्ट्रॉनिक्स' यांनी मिळून तो 'अमिडा' या नावानं आणला. तीन मॉडेलं होती. सर्वांत स्वस्त 9,950 रुपयांचं आणि रंगीत स्क्रीनचं जवळपास वीस हजारांचं. मधल्या तीन वर्षांत मोबाइल फोन स्वस्त झाले होते, लोकांच्या खिशात पोचले होते. सिंप्युटरचा खप काही हजारांतच अडकला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, एन्कोरनं 'मोबिलिस' दाखवला. सरकारच्या सीएसआयआरची त्याला मदत होती. 7.4 इंची स्क्रीन, गुंडाळून ठेवता येणारा कीबोर्ड, सहा तास चालणारी बॅटरी आणि किंमत सुमारे दहा हजार. आजही कुणी हे वर्णन वाचलं तर 'कुठं मिळतो?' असं विचारेल. पण तोही घराघरांत पोचला नाही.

कळस झाला 2009 साली. 'दहा डॉलरचा लॅपटॉप' भारत आणणार, म्हणजे अवघ्या पाचशे रुपयांत, अशी बातमी जगभर गाजली. बंगळुरूची विज्ञान संस्थाही या कामात होती. 3 फेब्रुवारीला तिरुपतीला समारंभ झाला, कापड बाजूला झालं आणि समोर आली माहिती साठवून ठेवणारी एक लहानशी पेटी. ना स्क्रीन, ना कीबोर्ड!

या लोकांच्या बुद्धीबद्दल किंवा हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. मोठ्या स्क्रीनचे टचफोन येण्याच्या कितीतरी आधी सिंप्युटरनं बोटाच्या अंतरावर संगणक आणून दाखवला होता. पण जाहीर झालेली वस्तू आणि आपल्या टेबलावर आलेली वस्तू यांत वर्षांचं अंतर असू शकतं. आणि ज्याचं शिक्षण आज चालू आहे, त्याची ती वर्षं परत येत नाहीत.

नवं ते बरंच असतं?

आता अलीकडचं उदाहरण. ॲपल टचस्क्रीनचा लॅपटॉप 2025 मध्ये आणणार, अशी बातमी जानेवारी 2023 मध्ये आली होती. 2025 सरलं तरी तो आला नव्हता. जो विद्यार्थी त्यासाठी थांबला असेल, त्याचं अर्धं इंजिनीअरिंग तेवढ्यात संपलं.

शिवाय आलेलं नवं प्रत्येक वेळी चांगलंच निघतं, असंही नाही. याच कंपनीनं 2015 साली अतिशय पातळ 'बटरफ्लाय' कीबोर्ड आणला. बारीक धूळ गेली तरी बटणं अडकतात, अशा तक्रारी आल्या. 2019 पासून कंपनी जुन्या पद्धतीच्या बटणांकडे वळली आणि 2022 मध्ये अमेरिकेतला खटला मिटवायला 5 कोटी डॉलर द्यायला तयार झाली. मापांचंही तसंच. 17 इंची मॅकबुक प्रो 2012 साली बंद झाला, 11 इंची एअर 2016 साली, तर 2023 मध्ये 15 इंची एअर नव्यानं अवतरला. मापं येतात, जातात, पुन्हा येतात.

2025च्या जानेवारीत लेनोवोनं तर गुंडाळी उलगडावी तशी 14 इंचांवरून 16.7 इंच होणारी स्क्रीन दाखवली. किंमत जवळपास 3,500 डॉलर! पाहायला छान, पण आपल्या मुलाच्या दप्तरासाठी नाही.

आणि थांबलं की स्वस्त मिळतं, हाही भरवशाचा हिशेब नाही. 2025च्या अखेरीस मेमरी चिप्सचे भाव असे भडकले, की 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्यांना पश्चात्ताप झाला.

इंचांची गंमत

मग पाहायचं काय? आधी स्क्रीन. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. 15.6 इंची रुंदट स्क्रीनची उंची भरते साधारण 19.4 सेंटिमीटर. आता बऱ्याच मॉडेलांत जरा उभट, सोळास दहा प्रमाणाची 14 इंची स्क्रीन असते. तिची उंची भरते 18.8 सेंटिमीटर. म्हणजे वाचताना-लिहिताना दिसणाऱ्या ओळींत फारसा फरक नाही, पण रुंदी चार सेंटिमीटरहून अधिक कमी आणि वजनही हलकं. रोज बस, मेट्रो आणि चार जिने चढणाऱ्या मुलीच्या खांद्याला हा फरक लगेच कळतो. दोन-तीन विंडो शेजारी शेजारी उघडून काम करायचं असेल, आकडेमोडीचे मोठे तक्ते पाहायचे असतील, तर मात्र रुंद स्क्रीन बरी.

आता कीबोर्ड. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं. असा कीबोर्ड मांडायला 28-29 सेंटिमीटर रुंदी लागते आणि 14 इंची लॅपटॉपमध्ये तो नेमका बसतो. 1995 साली आयबीएमनं 10.4 इंची लॅपटॉपमध्ये पूर्ण कीबोर्ड बसवायला झाकण उघडताच पंखांसारखा पसरणारा कीबोर्ड बनवला होता. पण लगेचच मोठ्या स्क्रीन आल्या आणि त्या करामतीची गरजच उरली नाही. उलट 15.6 इंचीमध्ये जागा उरते, म्हणून उजवीकडे आकड्यांची बटणं बसवतात. त्यानं टाइप करणारे हात स्क्रीनच्या मध्यापासून डावीकडे सरकतात. हिशेबनीसाला ही सोय, निबंध लिहिणाऱ्याला अडचण.

मराठी टाइप करून बघा!

आणि आपल्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. भारतीय भाषांसाठी 1980च्या दशकात 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी ठरली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. देवनागरीची अक्षरं इंग्रजीहून जास्त, त्यामुळे इंग्रजीत विरामचिन्हांची असलेली उजव्या कडेची बटणंही आपल्याला लागतात. 'च' अर्धविरामाच्या बटणावर, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' चौकटी कंसाच्या. लॅपटॉप लहान केला की कंपन्या आधी हीच कडेची बटणं चिंचोळी करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, मराठी लिहिणाऱ्याचं बोट मात्र प्रत्येक 'च'ला आणि 'ट'ला अडखळतं.

म्हणून दुकानात एक प्रयोग करा. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा चालू करायला सांगा आणि 'चटकन डबा भर' एवढंच लिहून पाहा. बोटांना काय वाटतं ते कळेल. 'ळ' लिहायला शिफ्ट धरून इंग्रजी एन दाबायचा. बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली नसतील, तर एस. पी. रोडसारख्या बाजारात स्टिकरांची चौकशी करा. मुलगा जरी इंग्रजीतच लिहीत असला, तरी त्याच लॅपटॉपवर उद्या आई मंडळाचा अहवाल लिहील, आजोबा आठवणी लिहितील!

मग थांबायचं केव्हा?

थांबूच नये, असं मुळीच नाही. कंपनीनं स्वतः तारीख आणि किंमत जाहीर केली असेल, ती तारीख महिनाभराच्या आत असेल आणि जुना लॅपटॉप तोवर चालणार असेल, तर जरूर थांबा. नवं आलं की मागच्या वर्षीचं मॉडेल अनेकदा स्वस्त होतं, तो फायदाही पदरात पडेल. पण काम अडलेलं असेल आणि कानावर आलेली नुसती कुजबुज असेल, तर आज जे समोर आहे त्यातलं उत्तम निवडा. मेमरी पुढे वाढवता येते का, दुरुस्तीचं केंद्र मुलाच्या गावात आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे विचारून घ्या.

एस. पी. रोडवरच्या त्या आईला हेच सांगावंसं वाटतं. सोळा इंची येईल तेव्हा येईल. सोमवारी पहिला तास आहे. बसू दे मुलाला खुर्चीवर, ठेवू दे बोटं कीबोर्डवर आणि लिहू दे स्वतःचं नाव मराठीत. हाताला बरं वाटलं, डोळ्यांना ताण आला नाही आणि खिशाला परवडलं, तर बाई, पावती करून टाका!