बाळाचे अंथरूण : आईच्या हाताशी, पण वेगळे

बाळंतीण प्रसूतिगृहातून घरी येते त्या दिवशी घरात मोठी लगबग असते. न्हाणीत पाणी तापत असते, बाळंतिणीची खोली सारवून-पुसून तयार असते आणि माळ्यावरचा पाळणाही खाली उतरवलेला असतो. परंतु बारशापूर्वी त्या पाळण्यात बाळाला घालायचे नाही, अशी पुष्कळ घरांची रीत आहे. त्यामुळे पहिले अकरा दिवस, आणि बहुधा त्यानंतरही कित्येक महिने, बाळ निजते ते आईच्या कुशीत. रात्रीतून अनेकदा त्याला पाजावे लागते. दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या आईचा पाजता पाजताच डोळा लागतो. पांघरूण सरकते, उशी कलंडते, खाटेच्या खोलगट भागाकडे दोघांची अंगे घरंगळतात. बहुतेक रात्री काहीही घडत नाही आणि म्हणूनच या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

नवजात अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, तर मान कमकुवत असते. तोंडावर आलेले दुपटे त्याला दूर सारता येत नाही, मऊ गादीत रुतलेले नाक मोकळे करता येत नाही. श्वासाचा मार्ग अडला तर धडपड न करता, आवाज न करता ते निपचित पडू शकते. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंपैकी सुमारे नव्वद टक्के मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो, असे पाश्चात्य देशांतील नोंदींवरून आढळून आले आहे. आपल्याकडे घरी घडलेल्या अशा मृत्यूचे कारण क्वचितच तपासले जाते. ‘बाळ दगावले’ एवढीच त्याची नोंद घरच्यांच्या मनात राहते, आणि पुष्कळदा दोष येतो तो आईच्या वाट्याला.

उताणे निजवणे

या बाबतीत आपल्या आजीबाईंचा एक प्रघात शास्त्राच्या कसोटीला उतरला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्य देशांत तान्ह्या मुलांना पालथे निजवावे, असा सल्ला पुस्तकांतून व डॉक्टरांकडूनही दिला जात असे. पुढे अभ्यासांती हीच सवय घातक असल्याचे दिसून आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे निजवण्याची मोहीम हाती घेण्यात आली व काही वर्षांतच तेथील अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. यासाठी कोणतेही औषध वा यंत्र लागले नाही, हे विशेष. आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका बाळाला प्रथमपासूनच उताणे निजवीत आल्या आहेत. डोके गोल यावे म्हणून त्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात, ती मात्र नको. पहिल्या वर्षात बाळाला कोणत्याही उशीची गरज नसते.

उताण्या बाळाने दूध ओकले तर ते श्वासनलिकेत जाईल, ही भीती सार्वत्रिक आहे. वस्तुतः बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. त्यामुळे वर आलेले दूध पुन्हा अन्ननलिकेकडेच वळते. पालथ्या बाळात हा क्रम उलटा होतो.

खोली एक, अंथरूण वेगळे

बाळाला दुसऱ्या खोलीत निजवावे, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली केलेल्या शिफारशीप्रमाणे निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या अंथरुणाजवळ, परंतु स्वतःच्या स्वतंत्र व सपाट अंथरुणावर असावे. आई जवळ असली की बाळाची चाहूल तिला तत्काळ लागते आणि रात्रीचे स्तनपानही खंडित होत नाही. बाळ कमी दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असल्यास, घरात कोणी धूम्रपान करीत असल्यास अथवा शेजारी निजणाऱ्याने मद्य किंवा गुंगीचे औषध घेतले असल्यास एका अंथरुणात निजण्याचा धोका कितीतरी वाढतो. गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा संभव अधिक असतो, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या दृष्टीने अलीकडे शहरांतील दुकानांत ‘बेडसाइड स्लीपर’ या नावाने मिळणारा छोटा पाळणा उपयुक्त ठरतो. त्याला तीन बाजूंनी उंच कठडा असून आईच्या खाटेकडील चौथी बाजू ठेंगणी असते किंवा खाली उतरवता येते. तो आईच्या पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधायचा असतो. आईला न उठता, केवळ हात लांबवून बाळाला जवळ घेता येते व पाजून झाल्यावर परत ठेवता येते. सिझेरियन झालेल्या स्त्रीला तर हा मोठाच आधार होतो.

मात्र विकत घेताना झालरी, रंग आणि लटकणारी खेळणी यांच्यापेक्षा त्याच्या बांधणीकडे पाहावे. पलंग आणि पाळणा यांच्यात फट राहता कामा नये, कारण अशाच फटीत बाळ सरकून अडकते. पट्ट्या बांधल्यावर पाळणा जोराने ओढून पाहावा. पाळण्यातील गादी आईच्या गादीच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. ती घट्ट व सपाट असावी, हाताने दाबून हात काढताच पूर्ववत व्हावी. तिच्या कडेला दोन बोटांहून अधिक जागा उरत असेल तर ती त्या पाळण्याची गादी नव्हे. कठड्याच्या गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक असू नये. डोक्याकडची बाजू उचलून उतार करणारे पाळणे आणि कडेला लावायच्या मऊ गाद्या कितीही आकर्षक दिसोत, त्या टाळाव्यात. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून उतरत्या पाळण्यांवर व कडेच्या गुबगुबीत गाद्यांवर बंदी घातली. आत ताणून बसवलेल्या चादरीखेरीज काहीही नको. लोड, तक्के आणि भेट म्हणून आलेली कापसाची बाहुलीसुद्धा बाहेरच ठेवावी.

ज्यांना असा पाळणा विकत घेणे परवडत नाही, त्यांना गावच्या सुताराकडून वरील मापे सांगून तो करून घेता येईल. जुना पाळणा वापरायचा असेल तर त्याच्या रंगाचे पोपडे निघत नाहीत ना, हे पाहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम केंद्र शासनाने २०१६ साली केले. त्यापूर्वीच्या रंगांची खात्री देता येत नाही.

बाज, झोळी आणि जमीन

ग्रामीण भागात खरा प्रश्न पाळण्याचा नसून बाजेचा आहे. सुंभाची किंवा नवारीची बाज मध्यभागी खोलगट होते आणि तिच्या कडेला पाळणा बांधूनही उपयोग होत नाही, कारण दोन्ही पातळ्या जुळतच नाहीत. अशा घरी लाकडी फळ्यांच्या पलंगाचा किंवा बाजेशेजारी ठेवलेल्या, उंच काठाच्या स्वतंत्र पाळण्याचा विचार करावा.

साडीची झोळी ही तर श्रमिक आईची सोबतीण. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत बाळ दिवसभर झाडाला बांधलेल्या झोळीतच असते. फडात बाळाला ठेवायला दुसरी जागाच कोठे आहे? तिला सरसकट नावे ठेवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. परंतु झोळीत पाठीला बाक येऊन हनुवटी छातीला टेकते व श्वासाचा मार्ग आखडतो. रडणारे बाळ झोळीत शांत करावे, मात्र झोप लागताच सपाट जागी उताणे ठेवावे आणि झोळीत असेतोवर कोणाचे तरी लक्ष असावे. साडीचे पदर बाळाच्या तोंडावर मिटू देऊ नयेत.

कोपीत किंवा मातीच्या घरात जमिनीवर निजणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो. जमीन सपाट असते, पडण्याचे भय नसते, पण विंचू आणि मण्यार यांचे भय असते. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावल्याची उदाहरणे आपल्याकडे नवीन नाहीत. येथे मच्छरदाणी केवळ डासांसाठी नसून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर या दोहोंपासूनही बचाव होतो. बाळासाठी घट्ट घडी केलेली सतरंजी आईच्या अंथरुणालगत, हातभर अंतरावर घालावी. कापसाची मऊ दुलई अंगाखाली घालू नये.

ऊब किती असावी?

पहिल्या दिवसांत बाळाला, विशेषतः अशक्त बाळाला, ऊब हवी हे खरे. तथापि चंद्रपूर-नागपूरकडच्या वैशाखातही कुंची, टोपरे आणि दोन दुपट्यांत बाळाला गुंडाळून ठेवण्यात हशील नाही. मोठ्या माणसापेक्षा एक कपडा अधिक, एवढा हिशेब पुरेसा होतो. बाळाचे पोट व तळवे कोमट असावेत. मानेला घाम आला तर कपडे कमी करावेत. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत मात्र तत्काळ सोडावयास हवी, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

२०११ पासून राबविण्यात येत असलेल्या घरपोच नवजात शिशू सेवेत प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. प्रसूती घरीच झाली असेल तर ती पहिल्या दिवशीही येते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची सेवा घडवून आणली, त्या प्रयोगाची प्रेरणा या योजनेमागे आहे. आशाताई बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत तिने ‘रात्री बाळ कोठे निजते, ते दाखवा’ असे म्हणून ती जागा प्रत्यक्ष पाहिली तर मोठा फरक पडू शकेल. हे बोलणे सासूबाईंच्या समक्ष व्हावे, कारण बाळंतिणीच्या खोलीतील निर्णय बहुधा त्यांचेच असतात. ग्राम आरोग्य व पोषण दिनाच्या दिवशी अंगणवाडीत एखादे सपाट अंथरूण मांडून दाखवणे पंचायत सदस्यांना फारसे अवघड नाही.

साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ हातांवर जोर देऊन उठू लागते. ठेंगण्या कठड्याचा पाळणा त्या दिवसापासून त्याच्यासाठी उरत नाही. तो पुढे शेजारच्या घरी देताना पट्ट्या, खिळे आणि मूळची गादी सोबत दिली आहे ना, हे पाहून द्यावा.