मुलाचे पाय पाळण्यात दिसतात काय?

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. एखादी मुलगी चौथ्या वर्षी सुरात गाऊ लागली, किंवा एखाद्या मुलाने लहान वयातच मोठ्यांना धावण्यात मागे टाकले, की वडीलधारी माणसे कौतुकाने ही म्हण उच्चारतात आणि त्या बालकाच्या भावी थोरवीचे भाकीत करून मोकळी होतात. म्हणीत पुष्कळांचा अनुभव साठवलेला असतो हे खरे. परंतु म्हण म्हणजे भूमितीतील सिद्धान्त नव्हे. तिच्यात सत्याचा अंश किती आहे, हे पडताळून पाहण्यास क्रीडांगणासारखी सोयीची जागा नाही. कारण तेथे प्रत्येकाच्या यशापयशाची नोंद आकड्यांत राहते.

१९८८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपान्त्य सामना खेळला जात होता. शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स हायस्कूल या दोन शाळा समोरासमोर होत्या. शारदाश्रमचे दोन विद्यार्थी तिसऱ्या गड्यासाठी एकत्र आले आणि नाबाद ६६४ धावांची भागी करूनच थांबले. त्यांतील विनोद कांबळी १६ वर्षांचा होता. त्याने ३४९ धावा केल्या. सचिन तेंडुलकर अवघा १४ वर्षांचा होता. त्याने ३२६ धावा केल्या. दोघेही रमाकांत आचरेकर यांचे शिष्य. त्यांच्यानंतर खेळायला जाण्यासाठी अमोल मुझुमदार नावाचा आणखी एक मुलगा पॅड बांधून बसला होता. परंतु त्याची पाळी काही आली नाही.

या तिघांपैकी कोणाचे भाकीत खरे ठरले? सचिन तेंडुलकर यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९८९ ते २०१३ या चोवीस वर्षांत ते २०० कसोटी सामने खेळले आणि त्यांत त्यांनी १५,९२१ धावा केल्या. विनोद कांबळी यांनी १९९३ मध्ये कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतके झळकावली. त्यांची कसोटीतील सरासरी ५४ हून अधिक, म्हणजे सचिन यांच्यापेक्षाही किंचित सरस आहे. तथापि त्यांच्या वाट्याला केवळ १७ कसोटी सामने आले आणि त्यांतील शेवटचा १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षीच होऊन गेला. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या, पुढे त्या श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, मुंबईच्या संघाचे नेतृत्वही केले. परंतु भारताच्या संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. पुढे ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२५ मध्ये त्या संघाने विश्वचषक जिंकला. एका शाळेतील, एका गुरूचे तीन शिष्य. तिघेही अस्सल गुणांचे. आणि तिघांच्या वाटा मात्र तीन दिशांना गेल्या.

इंग्लंडमधील एक उदाहरण याहून जुने आहे. आर्थर कॉलिन्स हा मुलगा जन्मला आपल्याच देशात, हजारीबाग येथे. १८९९ साली क्लिफ्टन येथील शाळेत, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने एका डावात नाबाद ६२८ धावा काढल्या. हा उच्चांक एका शतकाहून अधिक काळ टिकला. २०१६ मध्ये कल्याण येथे प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हाच तो मोडला. पण कॉलिन्स पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडला.

मग लहानपणीच्या परीक्षेत चूक कोठे होते? परीक्षक अजाण असतात असे नाही. चूक होते ती बहुधा वाढत्या वयामुळे. परंडा, भूम, कळंब यांसारख्या तालुक्यांच्या गावी शालेय स्पर्धा होतात, तेव्हा मुलांचे गट वयाप्रमाणे पाडतात. एकाच वर्षाच्या जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात उभे राहतात. कागदोपत्री दोघे समवयस्क. प्रत्यक्षात त्यांच्यात अकरा महिन्यांचे अंतर. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांत उंची, वजन आणि बळ यांत केवढा फरक पडतो! त्यातून काही मुले लवकर वाढतात, काही उशिरा. थोराड मुलगा खो-खोत चपळ पाठलाग करतो, निवडला जातो. निवडला गेल्याने त्याला चांगले मार्गदर्शन मिळते आणि तो आणखी पुढे जातो. कॅनडातील बर्फावरील हॉकीपटूंच्या जन्मतारखा अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचीच संख्या जास्त आढळली. निवड गुणांची व्हावयाची, तेथे काही अंशी जन्ममहिन्याचीच झाली होती.

शिवाय डोळ्यांना जे दिसते त्यावरच निवड होते. परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. दुरून पाहणाऱ्याला डोंगरी किल्ल्याची उंची त्यात दिसत नाही. परंतु जवळ गेल्यावर रुंद खंदक, दुहेरी तट आणि भक्कम बुरूज नजरेस पडतात, आणि निजामशाहीने आपली राजधानी काही काळ येथे का आणली असेल, याची कल्पना येते. माणसाची चिकाटी, शिकण्याची ओढ, पराभवानंतर पुन्हा उठण्याची शक्ती, हे गुणही असेच दुरून न दिसणारे आहेत.

अमेरिकेत फुटबॉल या नावाचा, हातांत चेंडू घेऊन धावण्याचा, एक खेळ लोकप्रिय आहे. तेथे महाविद्यालयात येऊ घातलेल्या खेळाडूंना जाणकार लोक तारे देतात. सर्वांत गुणी त्याला पाच तारे. हे तारे खरे ठरतात की खोटे? समजण्यासाठी एक हिशोब मांडून पाहू. कल्पना करा, १००० मुलांतून २० मुले ‘होतकरू’ म्हणून निवडली. त्यांतील ५ जण पुढे नामवंत झाले, म्हणजे चारांत एक. उरलेल्या ९८० मुलांतून १५ जण नामवंत झाले, म्हणजे सुमारे ६५ जणांत एक. निवडलेल्यांना यशाची संधी सोळा पटींनी अधिक होती; तेव्हा परीक्षकांची नजर खोटी म्हणता येत नाही. तरीही निवडलेल्या २० पैकी १५ जण मागे राहिले, आणि एकूण २० नामवंतांपैकी १५ जण न निवडलेल्यांतून आले! अमेरिकेतील टॉम ब्रॅडी हा असाच खेळाडू. २००० साली व्यावसायिक संघांनी आपापले खेळाडू क्रमाने निवडले, तेव्हा १९८ जणांची नावे पुकारली गेल्यावर त्याचे नाव आले. पुढे त्याच्या संघांनी सात वेळा अजिंक्यपद मिळवले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. लहानपणी त्यांची शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर होती. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले. सियाचीनच्या बर्फातही त्यांनी चाकरी केली. धावण्याच्या स्पर्धांकडे ते खऱ्या अर्थाने वळले ते २०१५ मध्ये, विशीत आल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच्याच धावपटूंकडे जात असत. पुढे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत साबळे यांनी सुवर्णपदक पटकावले.

धाराशिव जिल्ह्याची सारिका काळे हिचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. तिचे पाय लहानपणीच खो-खोच्या मैदानावर दिसले. पण घरच्या हलाखीमुळे खेळ सोडून द्यावा, असे तिच्या मनाने घेतले होते. मार्गदर्शकांनी धीर दिला आणि ती मैदानावर परतली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. गुण होते म्हणून ती मोठी झाली. परंतु आधार मिळाला नसता तर ते गुण तसेच विरून गेले असते.

यावरून म्हणीचा अर्थ नीट लावता येतो. पाळण्यात पाय दिसतात, हे खरे. ते पाय किती वाट चालतील, हे मात्र पाळण्यात दिसत नाही. ज्याचे नाव यादीत पहिले लागले, त्याला पुढे जाण्याची संधी मिळाली आहे. यश अजून मिळायचे आहे. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्याविषयी त्या यादीने एवढेच सांगितले आहे की आज, या वयात, या मैदानावर तो मागे पडला. निवड करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवून दार एकदा लावून घेऊ नये. पुढच्या वर्षी ते पुन्हा उघडावे, आणि गेल्या वर्षी परत गेलेल्या मुलांना पुन्हा धावताना पाहावे.