असं का?: गाठीची बँक

शीव कोळीवाड्यात मासळी घेताना बर्फाकडे पाहावं. घरच्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठलेला बोंबील वितळला की पाणी सुटून लिबलिबीत होतो, कारण सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात.

संशोधनासाठी कर्करोगाची गाठ गोठवून ठेवतानाही तेच. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा तुटला की पेशींतला आरएनए विरू लागतो. म्हणून निदानासाठी लागणारा भाग काढून उरलेला तुकडा झटपट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही, विघटन थांबतं, आणि अनेक वर्षांनीही जनुकं वाचता येतात.

इथून जवळच, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने असा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला आहे. एका रुग्णालयाचे नमुने पुरत का नाहीत? दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण एकेका ठिकाणी मोजकेच येतात. शिवाय प्रत्येकाची गोठवण्याची तऱ्हा निराळी असेल, तर फरक रोगाचा की फ्रीजरचा, हेच कळत नाही! माझ्या मते खरी अडचण यंत्रांची नाही, शिस्तीची आहे.

नमुना ठेवायला रुग्णाची लेखी संमती लागते. तो कागद समोर आला, तर सही करण्याआधी मनातले सगळे प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.