फुलपाखरे आणि घरची बाग

‘फुलपाखरू’ हा शब्द गोड खरा, पण त्याने माझी काही वर्षे चांगलीच फसवणूक केली. फुले लावली की फुलपाखरे येणार, असा माझा हिशेब. म्हणून मागच्या अंगणात सदाफुली लावली, झेंडू लावला. फुलपाखरे येत, घोटभर मध पीत आणि कुंपणापलीकडे निघून जात. मी हळहळत असे. आणि रोज सकाळी हाच मी कुंडीतल्या लिंबावरच्या अळ्या वेचून पायाखाली चिरडत होतो! त्या कोणाच्या अळ्या, हे विचारण्याची बुद्धी एम.ए. होऊनही झाली नाही.

मध हे पंख फुटल्यानंतरचे खाणे. त्याआधी अळीला पाने लागतात, आणि तीही वाटेल त्या झाडाची चालत नाहीत. अंडी घालण्यापूर्वी मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी ते थोपटते. तिला चव कळते ती पायांनी! आपले झाड पटले तरच ती तिथे अंडे ठेवते.

लिंबाचेच पाहा. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेले एक चपळ फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिलेले असते. ते लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून दुबेळके, तांबूस शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हा तिचा बचाव. अळी कोष करते आणि पुढे एखाद्या सकाळी कोष फुटतो. बाहेर येणारे फुलपाखरू ओले, चुरगळलेले असते. त्याला हात लावू नका. पंख वाळून ताठ व्हायला तासभर तरी लागतोच.

कढीलिंबावरही याच कुळातली फुलपाखरे येतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीसुद्धा लिंबाच्याच जातीची झाडे शोधते. कुंपणाची रुई उपटू नका. तिच्यावर नारिंगी पंखांच्या फुलपाखराची पट्टेरी अळी वाढते. पानफुटीच्या एका पाहुण्याची अळी तर पानाच्या पोटातच राहते.

आता घरची अडचण. कढीलिंबाची पाने कुरतडलेली पाहून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “फोडणीला काय तुझी फुलपाखरे घालू?” त्यांचेही खोटे नव्हते. वीतभर रोपाला चार अळ्या पुरेशा होतात. ते पार बोडके होते. म्हणून तडजोड केली. एक झाड स्वयंपाकघराचे, दुसरे अळ्यांचे. पहिल्यावर दिसलेली अळी फांदीसकट उचलून दुसऱ्यावर ठेवायची. औषध मात्र कुठल्याच झाडावर मारायचे नाही.

सगळेच कोष फळाला येतात असे नाही. गेल्या पावसाळ्यात एका कोषाची नातवंडांसारखी राखण केली, आणि त्यातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या! त्यांनी आपली अंडी आधीच आत घालून ठेवली होती. पण शेजारच्या फांदीवरचा कोष दोन दिवसांनी फुटला, तेव्हा मातोश्री चहाचा कप घेऊन माझ्याआधी तिथे उभ्या होत्या.